तिसरा रकाना

९ जानेवारी

डॉक्टरीणबाईंस,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारतात. मी विचारणार नाही. आपण तिकडे ठणठणीत असणार. दिवसभर खोकला-पडसं तपासणाऱ्या डॉक्टरला होऊन होऊन काय होणार?

हे पत्र मी माझ्या मर्जीने लिहीत नाही. आईने लिहायला लावलं आहे. आई म्हणजे आपली सख्खी बहीण. मागच्या जूनमध्ये जिचं गर्भाशय आपण काढलंत आणि काढताना जिची डावी मूत्रवाहिनी टाक्यात बांधून टाकलीत, ती. अकराव्या दिवशी तिला गळती सुरू झाली. विसाव्या दिवशी आपण तिला इथल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलंत. दोन महिने व्हायच्या आत आपण नर्सिंग होमला कुलूप लावलंत आणि जिथून इथे यायला एक दिवस आणि दोन गाड्या लागतात अशा ठिकाणी जाऊन बसलात.

आता कामाचं. इथल्या सरांनी आईला कागदावर चित्र काढून समजावलं. किडनी, मूत्राशय आणि मधली बोरूएवढी वाट. ती वाट खाली बंद झाली आहे, म्हणून लघवी भलतीकडून झिरपते. किडनी तुंबू नये म्हणून पाठीतून एक ट्यूब घातली आहे आणि तिच्या टोकाला बॅग. हे तात्पुरतं. मूत्रवाहिनी वरच्या चांगल्या भागात कापून मूत्राशयात नव्या जागी जोडायची, तीही पोट न फाडता, रोबोटने. ऑक्टोबरपासून सर तारीख देताहेत आणि ऑक्टोबरपासून आई एकच अट घालते आहे.

"माझी बहीण आली की मी टेबलावर चढेन."

सर म्हणाले, "ऑपरेशन तुमच्या बहिणीला करायचं नाहीये, मला करायचंय."

"तुम्हीच करा हो. तुम्हाला कोण नको म्हणतंय? ती फक्त येऊ दे."

ही अट मी आपल्याला तीन महिने कळवली नाही. हे लपवणं बरोबर नाही म्हणून लिहून ठेवते. मला वाटलं होतं आईचा हट्ट उतरेल. उतरला नाही. डाव्या किडनीचं काम शंभरात चौतीस होतं, ते आता सत्तावीस आहे. विसाच्या खाली गेलं तर जोडण्यात अर्थ नाही, काढूनच टाकावी लागेल.

तेव्हा दोन गोष्टी. एक, या. दोन, त्या ऑपरेशनची नोंद पाठवा, आपल्या छापील फॉर्मवरची. सरांना हवी आहे. मी त्या दिवशी टेबलाशी होते, पण मी फक्त हत्यारं हातात देत होते. नेमकं काय कुठे बांधलं ते आपल्यालाच ठाऊक.

आपल्या बहिणीची मुलगी


२२ जानेवारी

मावशी,

आईने माझ्या पत्राची कच्ची प्रत पाहिली आणि पाठीतली ट्यूब टोचेपर्यंत हसली. "ए, 'आपण' काय? जिच्या मांडीवर शी केलीस तिला 'आपण'?" म्हणून तिच्या आग्रहाखातर 'तू'. आदर तेव्हाही नव्हता.

तुझं उत्तर मिळालं. चार वाक्यं. "फॉर्म शोधून पाठवते. मी येण्याने काही साधणार नाही. तिला ऑपरेशन करून घ्यायला सांग. तू वेळेवर जेवतेस का?"

नाही जेवत. झालं समाधान? आता हेही विचार की तुझी बहीण कशी झोपते. डाव्या कुशीवर झोपता येत नाही, ट्यूब दुमडते. उताणी झोपली की टोचते. नर्सिंग होम बंद झालं तेव्हा ऑपरेशनला पेशंटवर पांघरायच्या जुन्या हिरव्या चादरी ती गाठोडं बांधून घरी घेऊन आली होती. वीस वर्षं तिने तुझ्यासाठी त्या शिवल्या, त्यांना तुझ्या मापाची भोकं पाडली. आता त्याच चादरी कापून ती स्वतःसाठी घड्या शिवते. दिवसाला सहा-सात. मशीनवर बसली की म्हणते, "टाकीचा नळ खराब झालाय, प्लंबर पळून गेलाय." हा विनोद ती शेजारणींनाही ऐकवते. मला ऐकवत नाही.

मला नोकरी लागली ते तुला आईने कळवलं असेलच. याच हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरमध्ये, रोबोटच्या बाजूला. तू ज्याला खेळणं म्हणायचीस त्याच्या. "हाताला न कळता काय कापणार तो?" असं तू म्हणायचीस ना? त्याला चार हात आहेत. आम्ही सकाळी त्यांना प्लास्टिकच्या पिशव्या चढवतो, तेव्हा तो शेवाळातून उठलेल्या खेकड्यासारखा दिसतो आणि सगळे त्याला खेकडाच म्हणतात. पेशंटजवळ खेकडा आणि आम्ही. सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, डोकं एका खोक्यात घालून बसलेले. खाली पायानेही कळा दाबायच्या असतात, त्या नीट कळाव्यात म्हणून बूट काढून फक्त मोज्यांवर बसतात. म्हणून ते मोजेवाले सर. हाताला कळत नाही हे तुझं खरं आहे. ते धागा किती ताणला हे डोळ्यांनी ओळखतात. आणि त्यांना आमचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून बाजूच्या माणसाला सगळं मोठ्याने सांगावं लागतं. हत्यार आत आलं, "आत आलं." सुई बाहेर काढली, "बाहेर आली."

ते मला जमत नाही. मी बघते. परत बघते. सर खोक्यातून विचारतात, "आलं का?" आणि मी तिसऱ्यांदा बघत असते. आमच्या इनचार्ज सिस्टर परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाई गं, आत आलंय की नाही एवढंच सांगायचंय. मुहूर्त काढायचा नाहीये."

तू मला लहानपणी 'दोनदा' म्हणायचीस. दार लावलं का ते दोनदा बघते म्हणून. शाळेत मी आठव्या वर्षी गेले. त्याआधीची माझी शाळा म्हणजे तुझं नर्सिंग होम. अक्षरं औषधांच्या डब्यांवर, आकडे गॉजच्या घड्यांवर, टाका बांधायला खुर्चीचा हात. आणि पुढे, उंची पुरेशी झाल्यावर, तुझा तो सगळ्यात मोठा धडा. पोट उघडं होतं आणि तू चिमट्याच्या टोकाने एका पांढुरक्या दोरीला हात लावलास. ती गांडुळासारखी आवळली आणि सरकली. तू म्हणालीस, "रक्तवाहिनी धडधडते, ही सरकते. सरकलेली बघितल्याशिवाय आसपास टाका घालायचा नाही. आणि माझ्यापेक्षा समोरच्याला जास्त दिसतं, म्हणून समोरच्याने मोठ्याने सांगायचं."

तेव्हापासून तुझ्या थिएटरात तो रिवाज होता. तू विचारायचीस, "सरकलं?" समोर उभा असलेला म्हणायचा, "सरकलं." मगच तू बांधायचीस. फॉर्मवर त्यासाठी तीन रकाने होते. मूत्रवाहिनी दिसली का. सरकली का. कोणी सांगितलं.

एवढे नियम करणारीने स्वतःच्या बहिणीवर हात चालवावा, हा नियम कुठल्या रकान्यात बसतो ते कळव.

फॉर्म अजून आलेला नाही.


३ फेब्रुवारी

मावशी,

फॉर्म आला. मी तो सरांना देण्याआधी उघडला. पाकीट त्यांच्या नावाचं होतं, मी उघडायला नको होतं. उघडलं.

आधी आईचं. मंगळवारी ट्यूबमध्ये गाळ अडकून ती बंद पडली. दुपारी तिला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, तरी म्हणत होती, "मशीनवरची शिवण अर्धी राहिलीय, उचलून ठेव." ताप एकशे चार. ट्यूब बदलली. सर म्हणाले, "असा प्रत्येक ताप किडनीचा एकेक घास घेतो. चोवीस फेब्रुवारीची तारीख ही शेवटची. त्या दिवशी नाही म्हणाल्या तर मी यादीतून नाव काढणार. पुढचं ऑपरेशन जोडायचं नसेल, काढायचं असेल."

आईने त्यांना विचारलं, "एकीवर भागतं ना माणसाचं?"

ऐकलंस? तुझी बहीण किडनी द्यायला तयार आहे. फक्त तू दारात उभी राहिलेली दिसावीस म्हणून.

आता तुझा फॉर्म. पहिला रकाना, दिसली का. तू लिहिलंयस, "नाही, रक्तस्राव." दुसरा, सरकली का. "पाहिली नाही. तरी पुढे गेले. जबाबदारी माझी." तुझं अक्षर. तुझी सही. आणि तिसरा रकाना कोरा.

बावीस वर्षांत तू एकही रकाना कोरा सोडला नाहीस. मी एकदा गॉजचा आकडा पेन्सिलीने लिहिला, तर तू मला फॉर्म पुन्हा लिहायला लावलास आणि जेवणाचं ताट झाकून ठेवलंस. "नोंद म्हणजे नोंद, पेन्सिलीत खोटेपणा असतो," असं तू म्हणाली होतीस. आणि आता हे. निळ्या शाईतला धडधडीत खोटेपणा.

कोणासाठी केलंस? कोणी मागितलं होतं? रक्त येत होतं, ते ओढून घ्यायची सक्शनची नळी माझ्या हातात होती, समोर मी होते. मी समोर होते हे लिहायला तुझी शाई संपली का?

सर फॉर्म वाचून म्हणाले, "बाई सरळ आहेत तुमच्या. असं कोणी लिहीत नाही." मला ओरडावंसं वाटलं. मी ट्रे लावायला निघून गेले.


४ फेब्रुवारी

मावशी,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि आज पुन्हा लिहायला बसले. हे दुसरं. दोन्ही एकदमच पोचतील.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी फक्त हत्यारं देत होते. ते खोटं आहे. नेहमीचे असिस्टंट डॉक्टर आले नव्हते. तू घड्याळ बघितलंस, आईच्या पाठीत भुलीचं इंजेक्शन देऊन झालेलं होतं, आणि तू मला म्हणालीस, "हात धू. समोर ये." मी डॉक्टर नाही. कुठली परीक्षा दिलेली नाही. खुर्चीच्या हातावर टाके शिकलेली मुलगी तू तिच्या स्वतःच्या आईच्या उघड्या पोटासमोर उभी केलीस. यासाठी मी तुला माफ करणार नाही, हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मी नमले.

डाव्या बाजूला रक्त भरत होतं. मी सक्शनने ओढत होते, ते पुन्हा भरत होतं. तू चिमट्याने टोचलंस आणि विचारलंस, "सरकलं?"

मी सक्शनची नळी नुसती फिरवत राहिले.

"पाहिलंस की नाही? बोल लवकर."

मी म्हणाले, "सरकलं."

काही सरकलेलं मी पाहिलं नव्हतं. मी आत बघतच नव्हते. मी तुझ्या भुवयांकडे बघत होते. त्या जवळ आल्या की मला लहानपणापासून धाप लागते. सगळ्या जन्मात एकदाच मी दोनदा बघितलं नाही. एकदाही बघितलं नाही.

तू बांधलंस.

तुला हे तेव्हाच कळलं असणार. नंतर ओट्याशी हात धुताना तू माझ्याकडे बघितलंस आणि काहीच बोलली नाहीस. अकराव्या दिवशी आईच्या साडीवरचा डाग पाहिलास, तेव्हाही नाही. मी रोज वाट बघत होते, आता बोलेल, आता हात उगारेल. तू नर्सिंग होमला कुलूप लावलंस. चाकू कायमचा खाली ठेवलास. माझी चूक माझ्या हातातून काढून घेतलीस, लहानपणी कात्री काढून घ्यायचीस तशी, आणि घेऊन पळालीस. आणि मी इथे बसून सगळ्यांना सांगत राहिले की मावशीने आईचं वाटोळं केलं. आठ महिने. भाजीवालीलासुद्धा सांगितलं.

मला माझी चूक परत हवी आहे. तिसरा रकाना भर.


११ फेब्रुवारी

मावशी,

तुझं उत्तर आलं. "तू लहान आहेस. कागदावरची गोष्ट कागदावर राहू दे." मी सव्वीस वर्षांची आहे. तुझ्या समोर उभी राहण्याइतकी मोठी होते, नाही का, तेव्हा?

काल मी आईला सांगितलं. तुला विचारलं नाही.

संध्याकाळी तिची बॅग रिकामी करत होते, हात कामात असले की मला बोलता येतं. सगळं सांगितलं. चिमटा, भुवया, 'सरकलं'. ती खाटेवर बसून दोऱ्याला मेण लावत होती. लावतच राहिली.

मग म्हणाली, "मला माहितीय."

मी म्हणाले, "काय माहितीय?"

"कंबर बधिर केली होती गं माझी, कान नाही. मधे ती हिरवी चादर, पलीकडे तुम्ही दोघी. तिने दोनदा विचारलं. मग तू म्हणालीस. तुझा आवाज वर गेला होता. दूध करपवून 'मी नाही केलं' म्हणताना जातो ना, तसा. मी तिथेच म्हणणार होते, अगं, थांबा. पण म्हटलं, आपण शिवणारी बाई, आपल्याला काय कळतं."

मी विचारलं, "मग आठ महिने बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. तू काही बोलेनास. नुसत्या तिला शिव्या." तिने दोरा दाताने तोडला. "ती तुला वाचवायला पळाली. तू स्वतःला वाचवायला तिच्यावर भुंकतेस. आणि मधल्यामधे माझी किडनी. शहाण्या आहात दोघी, शिकलेल्या."

मी म्हणाले की आता तर सगळं कळलं, आता तरी सही कर, मावशीला कशाला बोलवायचं. तेव्हा ती चिडली. आई चिडली की आवाज खाली जातो, तुला ठाऊक आहे.

"या वेळी मला पूर्ण झोपवणार आहेत. मी उठले नाही, तर तू तिकडे तोंड करून आणि ती इकडे पाठ करून जन्म काढाल. मला तुम्हा दोघींचा आवाज एका खोलीत ऐकायचाय. भांडा, पण माझ्यासमोर. मग मला खुशाल झोपवा."

तर हे असं आहे. माझ्यासाठी येऊ नकोस, मला तुझं तोंड बघायची हौस नाही. तेरा दिवस आहेत. येताना तुझी ती लोकरीची शाल आण, असं आईने सांगितलंय. थिएटरच्या बाहेर एसीने गारठा असतो.


२ मार्च

मावशी,

यातलं बरंच तुझ्यासमोर घडलं. तरी लिहिते. नोंद त्याच आठवड्यात करावी, नाहीतर आपण ती स्वतःला सोयीची करून घेतो, हे तूच शिकवलंस.

तेवीस तारखेला दुपारी चार वाजता तू वॉर्डच्या दारात आलीस. हातात कापडी पिशवी, खांद्यावर शाल. बारीक झाली आहेस. मला ते आवडलं आणि मग आवडल्याची लाज वाटली, दोन्ही खरं आहे. आई म्हणाली, "ये. बस. चप्पल काढू नकोस, फरशी ओली आहे." सहा महिन्यांनी भेटलेल्या बहिणी, आणि हे.

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हं. बोल."

मी बोलले. माझा आवाज वर गेला नाही, मी लक्ष ठेवून होते.

तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "मला दिसत नव्हतं आणि मी मुलीला विचारलं. दिसत नसताना थांबायचं असतं. बांधले ते हात माझे."

मी म्हणाले, "आणि खोटं बोलले ते तोंड माझं."

आई म्हणाली, "आणि पोट माझं. झालं का? आता कोणी माझी बॅग रिकामी करेल का, भरून ओथंबतेय."

आपण दोघी एकदम उठलो. बॅग तू घेतलीस. नळ सोडताना तुझी वाढलेली नखं दिसली. त्या हाताने तू आता कोणाला टाका घालत नाहीस हे मला तेव्हा डोळ्यांनी कळलं. आईने सहीचा कागद मागवला आणि नाव लिहिलं, प्रत्येक अक्षरावर जोर देऊन, बेतलेल्या कापडावर खडूची खूण करते तसं.

त्या संध्याकाळी मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. विचारलं, "आणि आता?" मी म्हणाले, "आता तीनदा बघते." ते म्हणाले, "म्हणजे सिस्टर तक्रार करतात ती खरी आहे." मला त्यांनी तीन महिने टेबलापासून दूर केलं आहे. ट्रे लावायचे, खेकड्याला पिशव्या चढवायच्या, आणि दर शनिवारी जुन्या ऑपरेशनच्या फिल्म बघून त्यांना सांगायचं काय दिसलं आणि काय दिसलं नाही. मला हे कमी वाटलं. मी तसं म्हणाले. "शिक्षा किती ते तुम्ही नका ठरवू," असं ते म्हणाले.

चोवीसला सकाळी त्यांनी आपल्याला बाजूच्या खोलीत पडद्यासमोर बसू दिलं. दोन खुर्च्या, मधे तुझी पिशवी. तू म्हणालीस, "मला सगळं दिसेल?" मी म्हणाले, "तू पोट उघडून बघायचीस त्यापेक्षा इथे मोठं दिसतं." ते मी मुद्दाम तुला टोचायला म्हणाले होते.

आईचं पोट आतून. आपण दोघींनी आधी पाहिलेलं. डाव्या बाजूला तुझा टाका, आणि भोवती सगळं चिकटून चामड्यासारखं झालेलं. खेकड्याची कात्री इतकी हळू चालत होती की तू पुढे सरकून गुडघ्यांवर हात ठेवलेस. सरांनी पाठीतल्या ट्यूबमधून खास उजेडात चमकणारा एक रंग सोडायला सांगितला आणि कॅमेऱ्याचा उजेड बदलला. सगळं काळं झालं आणि मधोमध मूत्रवाहिनी हिरवी पेटली, वरून खाली, आणि एका जागी येऊन थांबली. टोक काळं. त्या जागेकडे तू खूप वेळ बघत होतीस. मीही. माझ्या शब्दाची जागा एवढीशी असेल असं मला वाटलं नव्हतं, तांदळाच्या दाण्याएवढी.

सरांनी त्याच्या वर कापलं. मूत्राशय वर ओढून आतल्या स्नायूला टाचलं, म्हणजे जोडावर ताण नको. मग जोडायला सुरुवात केली. तू पुटपुटलीस, "हाताला कळत नाही, मग धागा तुटत कसा नाही याचा?" मी म्हणाले, "बघून ओढतात." तुझी बोटं मांडीवर टाके घालत होती. मी पाहिलं.

जोड झाला. सरांनी चिमट्याच्या टोकाने वरच्या भागाला हलकेच स्पर्श केला आणि सगळे थांबले. माइकमधून काही आवाज नाही. तू पडद्यावरची नजर न काढता मला विचारलंस, "सरकलं?"

मी उत्तर दिलं नाही. एकदा काहीतरी हललं, पण तो कॅमेरा होता. नंतर आईचा श्वास होता, सगळंच त्याबरोबर वर-खाली होत होतं. तू पुन्हा विचारलं नाहीस. तुझ्या भुवया कशा होत्या ते मला माहीत नाही, मी तिकडे बघितलं नाही. मग वरून आवळत एक लाट आली, खाली उतरली, जोडापाशी पोचली आणि पलीकडे गेली. मी थांबले. दुसरी आली.

मी म्हणाले, "सरकलं."

तू म्हणालीस, "हं."

इथेच हे पत्र संपलं असतं तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी मी तुझ्यासमोर फॉर्म ठेवला आणि तू तो मागे सारलास. "तुझं आयुष्य पुढे पडलंय. माझं झालंय. राहू दे." आईने शुद्धीवर येऊन पाणी मागितलं, तू तिच्या ओठांना ओला कापूस लावलास, तिच्या कपाळावरून हात फिरवलास, आणि सातची गाडी पकडून गेलीस. शाल खुर्चीवर टाकून. विसरलीस असं आई म्हणते. मी काही म्हणत नाही.

तुझा राग अजून गेलेला नाही माझ्या मनातून. तू मला समोर उभं केलंस. मग मी नव्हतेच असं लिहिलंस. यातलं दुसरं मला जास्त लागलं. मी तिथे होते, मावशी. वाईट उभी राहिले, पण होते.

पाठीतली ट्यूब काल निघाली. जोड भरून येईपर्यंत आत ठेवलेली बारीक नळी सहा आठवड्यांनी काढतील, तीन महिन्यांनी स्कॅन. सर म्हणतात किडनी टिकेल. आईने उरलेल्या घड्या उसवून त्यांच्या पुन्हा चादरी करायला घेतल्या आहेत. "कोणाला लागतील तर," म्हणते. कोणाला ते सांगत नाही, पण भोकं तुझ्या मापाची पाडते आहे.

सोबत फॉर्म आहे. मूळ. सरांकडून मागून घेतला, त्यांच्याकडे प्रत आहे. पहिल्या दोन रकान्यांना मी हात लावलेला नाही, ते तुझे आहेत. तिसरा भरला आहे. शाईने. त्याच्यापुढे तुझी सही लागते, तसा तुझाच नियम आहे. पाकिटावर माझा पत्ता लिहून ठेवला आहे. नीट वाच, सही कर आणि पाठव.

त्या दिवशीची असिस्टंट